सशाची अर्धीच सुटका

मटण लवकर शिजावं म्हणून त्यात कच्च्या पपईची फोड टाकायची, हे आमच्या बेंबळी गावात कुणाला शिकवावं लागत नाही. उस्मानाबादी बोकड जून निघाला की ती फोड हमखास पडते. पपईच्या चिकात पपेन नावाचं एन्झाइम असतं आणि ते मांसातली प्रथिनं तोडतं. कातडं कमावणं, बिअर नितळ करणं, औषधं बनवणं अशा कामांसाठी हेच पपेन किलोवारी विकलं जातं. ते काढायची रीत अशी: सकाळी ऊन चढायच्या आत झाडावरच्या हिरव्या फळाला पात्याने उभ्या चिरा द्यायच्या, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल नाही. ठिबकणारा चीक गोळा करायचा आणि बेताच्या आचेवर वाळवायचा. भांडं लोखंडाचं नको, चीक काळा पडतो. उघड्या हातांनी हे काम करणाऱ्याची बोटं हुळहुळतात, आग होते, सालं निघतात. जे एन्झाइम मांस मऊ करतं, ते हाताच्या कातडीला वेगळं समजत नाही.

हे माणसाच्या हातावर रोज दिसत असताना, एन्झाइम कातडीला झोंबतं का, हे विचारायला आपण सशाकडे जातो.

कारखान्यातून निघणाऱ्या रसायनाबरोबर सुरक्षेचा कागद जातो. त्यात ‘त्वचेचा दाह’ असा एक रकाना असतो आणि तो भरायला बहुतेक वेळा सशाची पाठ कामाला येत आली आहे. चाचणी ठरलेली आहे. पांढऱ्या सशाच्या पाठीवरचे केस आदल्या दिवशी भादरतात. साधारण सहा चौरस सेंटिमीटर जागेवर अर्धा मिलिलिटर द्रव किंवा अर्धा ग्रॅम पूड ठेवून वर गॉझची पट्टी बांधतात. चार तासांनी पट्टी काढतात. मग तासाभराने आणि पुढे २४, ४८ व ७२ तासांनी कातडी किती लाल झाली, किती सुजली, याला शून्य ते चार असे गुण देतात. दाह उतरला नाही तर चौदा दिवसांपर्यंत पाहणी चालते. या गुणपद्धतीचं मूळ अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या जॉन ड्रेझ यांनी १९४४ साली मांडलेल्या चाचणीत आहे. तेव्हा तर पट्टी २४ तास ठेवत आणि काही जागी कातडी मुद्दाम खरवडत. आज जनावरं कमी लागतात, वेळही कमी लागतो. पण पिंजऱ्यातल्या जनावराच्या पाठीकडे बघून माणसाच्या कातडीचा अंदाज बांधायचा, ही मूळ कल्पना ऐंशी वर्षं तशीच राहिली आहे.

बरं, तो अंदाज तरी बरोबर निघतो का? प्रागच्या संशोधकांनी २०१० साली एक तुलना प्रसिद्ध केली. सशावरच्या चाचणीने दाहक ठरवलेली १६ रसायनं त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या कातडीवर तपासली. त्यातली पाचच माणसाला खरोखर झोंबली. सशाची कातडी माणसापेक्षा नाजूक, तिचा वरचा थर पातळ. म्हणजे जनावराला त्रास झाला तो झालाच, आणि उत्तरही आपल्या उपयोगाचं मिळालं नाही. हे क्रौर्य परवडत नाही असं आम्ही म्हणतो ते नुसत्या दयेपोटी नाही. ज्या परीक्षेचा निकाल विश्वासाचा नाही, ती परीक्षा घेण्याचा अधिकार कुणालाच नसावा.

आपल्या देशाने अर्धं पाऊल टाकलेलं आहे, आणि ते जगातल्या अनेक देशांच्या आधी. मे २०१४ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत १४८-क हा नियम आला आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी जनावरांवर चाचणी करायला बंदी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अशी चाचणी केलेला माल बाहेरून आणायलाही मनाई झाली. लिपस्टिक, पावडर, शाम्पू, अंगाचा साबण यांच्यापुरता ससा सुटला. पण बेंबळीच्या किराणा दुकानात त्याच फळीवर शेजारी धुण्याच्या पावडरीची पुडी असते. डाग काढणाऱ्या अशा अनेक पावडरींत प्रथिनं आणि चरबी तोडणारी एन्झाइम्स असतात. धुणं धुणाऱ्या बाईच्या हातांवर ही पावडर लिपस्टिकपेक्षा कितीतरी जास्त वेळ राहते. ती मात्र सौंदर्यप्रसाधनात मोडत नाही, म्हणून तिच्या कच्च्या मालाला ही बंदी लागू नाही. ससा तोच आणि दाहही तोच असताना पुडीवर काय लिहिलंय त्यावर जनावराचं नशीब ठरावं, हे कुठल्याही न्यायात बसत नाही.

धुण्याच्या पावडरीतल्या एन्झाइमचा इतिहास तर या चाचणीच्या विरुद्ध साक्ष देतो. १९६० च्या दशकात युरोप-अमेरिकेत एन्झाइमवाल्या पावडरींची लाट आली. कुणालाही काळजी कातडीची वाटावी. खरा धोका निघाला तो दुसरीकडेच, ब्रिटनमधल्या कारखान्यातल्या कामगारांच्या छातीत. एन्झाइमची बारीक धूळ श्वासातून आत जाऊन त्यांना दम्यासारखा त्रास सुरू झाला होता. डॉ. फ्लिंड्ट यांनी १९६९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो नोंदवला. त्यानंतर कारखान्यांनी एन्झाइम सुट्या पूडरूपात वापरणं सोडलं आणि आवरणात बंद केलेले दाणे आणले. धूळ कोंडण्याची यंत्रणा बसवली, हवेतलं प्रमाण मोजायला सुरुवात झाली. आजची पावडर घरात वापरायला सुरक्षित मानली जाते ती या बदलांमुळे. एका डॉक्टरने कामगारांच्या तक्रारीकडे लक्ष दिलं, त्यातून हे घडलं. सशाच्या पाठीवर कितीही पट्ट्या बांधल्या असत्या तरी छातीतला दमा तिथे उमटला नसता. पपेनचंही तसंच. अमेरिकेत जखमेवर लावायच्या पपेनच्या मलमांवर २००८ साली कारवाई झाली ती रुग्णांना तीव्र ॲलर्जी झाल्याच्या, रक्तदाब कोसळल्याच्या नोंदींवरून.

जनावरांवरचा प्रत्येक प्रयोग बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. सोयाबीन काढताना घोणस चावलेला माणूस आमच्या भागात वाचतो तो हाफकिनसारख्या संस्थांनी पाळलेल्या घोड्यांच्या रक्तातून तयार झालेल्या प्रतिविषामुळे. त्या घोड्यांचं ऋण मान्य करायला हवं आणि त्यांना नीट वागवायला हवं. पण तिथे अजून दुसरा हुकमी उपाय हाती नाही. त्वचेच्या दाहासाठी तो आहे. शस्त्रक्रियेत उरलेल्या मानवी कातडीतल्या पेशी पडद्यावर वाढवून तिचा वरचा थर प्रयोगशाळेत तयार करतात. त्यावर पदार्थ ठेवून किती पेशी जगल्या ते मोजायचं. निम्म्या किंवा त्याहून कमी उरल्या तर पदार्थ दाहक. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१० सालीच या पद्धतीला मार्गदर्शक तत्त्व क्रमांक ४३९ म्हणून मान्यता दिली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६० चा कायदासुद्धा सतराव्या कलमात सांगतो की प्रयोग टाळता येईल तिथे टाळा. तेव्हा संस्थांच्या प्राणी नैतिकता समित्यांपुढे एन्झाइमच्या दाहाचा अर्ज आला तर तो परत पाठवायला त्यांना नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

अडचण एकच सांगितली जाते: ही तयार कातडी परदेशातून येते, महाग पडते, टिकते थोडे दिवस. मग ती इथे बनवावी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत माला राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांवर केलेलं काम जगभर वाचलं जातं. एन्झाइम घडवण्याची विद्या ज्या राज्यात इतकी रुजली, त्या राज्याला ते तपासण्याची विद्या जड जाऊ नये. सरकारने पैसा इथे घालावा.

आणि कामगाराची कातडी? रसायनांच्या संपर्काने होणारा त्वचादाह १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता. तो कळवणं व्यवस्थापकाचं आणि डॉक्टरचं कर्तव्य ठरवलेलं होतं. पण पपईला चिरा देणारा मजूर कुठल्या कारखान्याच्या हजेरीपटावर आहे? घरोघरी धुणंभांडी करणारी बाई कुठल्या अनुसूचीत आहे? त्यांच्या हातावर दाहाची चाचणी रोज होते, विनासंमती, विनानोंद. बेंबळीसारख्या गावच्या दवाखान्यात हाताला चिरा पडल्या म्हणून बाई आली, की केसपेपरवर ‘खाज’ लिहून मलम दिलं जातं. ती दिवसभर काय हाताळते, हे विचारून एक ओळ जास्त लिहायला अर्धं मिनिट लागतं. आरोग्य खात्याने ती ओळ सक्तीची करावी, जिल्ह्याने वर्षाकाठी त्या ओळी एकत्र कराव्यात, आणि एन्झाइम विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने ‘त्वचेचा दाह’ हा रकाना भरण्याआधी त्या वाचाव्यात.