विश्लेषण : पायथनमधल्या ‘टाइप हिंट्स’ नेमकं तपासतं कोण?

ऑनलाइन दुकानाचं बिल काढणारं एक फंक्शन घ्या. किंमत गुणिले नग, एवढंच त्याचं काम. दोन्ही पूर्णांक असावेत, असं प्रोग्रामरनं कोडमध्ये लिहिलेलंही आहे. पण वेब फॉर्ममधून किंमत आली ती ‘१५०’ अशी मजकुराच्या, म्हणजे स्ट्रिंगच्या रूपात. नग दोन. पायथन ना अडवतो, ना एरर देतो. तो मजकूर दोनदा जोडून ‘१५०१५०’ हे उत्तर देतो. तीनशेचं बिल थेट दीड लाखावर!

मग ‘पूर्णांक’ लिहिलं कशाला?

या नोंदींना ‘टाइप हिंट्स’ म्हणतात. २०१५ मध्ये पायथन ३.५ सोबत त्यांचं अधिकृत रूप ठरलं. भाषेचे जनक ग्विदो व्हॅन रॉसम आणि सहकाऱ्यांच्या ‘पेप ४८४’ या प्रस्तावातच स्पष्ट होतं, की सक्ती करायची नाही. म्हणून प्रोग्राम चालताना पायथन या नोंदींची पडताळणी करत नाही. ‘डेटाक्लास’मध्ये तर टाइप लिहावाच लागतो, तरी तपासला जात नाही!

तपासणी कधी होते?

मायपाय, पायराइट ही वेगळी टूल्स प्रोग्राम न चालवता कोड वाचतात आणि विसंगती दाखवतात. ड्रॉपबॉक्सनं मायपायनं ४० लाख ओळी तपासल्या, तेव्हा कुठे हे मोठ्या कोडवर जमतं हे दिसलं. अडचण अशी, की अनेक टीम हिंट्स लिहितात आणि टूल चालवतच नाहीत. हे हिंट्स नसण्यापेक्षा वाईट. नवा सहकारी ‘पूर्णांक’ वाचून निर्धास्त होतो. टूलनं चूक दाखवली की कोड मुख्य शाखेत जाताच कामा नये, अशी व्यवस्था हवी. शिवाय ज्या फंक्शनला हिंटच नाही, त्याच्या आत मायपाय एरवी डोकावतही नाही. जुन्या कोडमध्ये अशी फंक्शन्सच जास्त.

एवढ्यानं बिल वाचेल?

नाही. फॉर्ममधून काय येणार, हे कोड वाचून कसं कळणार? जेसन उघडल्यावर हाती येतं ते ‘एनी’, म्हणजे काहीही. तिथे मायपाय गप्प बसतो. तिथे पायडॅन्टिकसारखी लायब्ररी लागते. ती त्याच हिंट्स वाचते, पण प्रोग्राम चालू असताना. ‘१५०’चा आकडा करून घेते, ‘दीडशे’ आलं तर एरर देते. यात थोडा वेळ जातो, त्यामुळे प्रत्येक फंक्शनवर ती लावू नये. बाहेरचा डेटा जिथे आत येतो, तिथे एकदा पुरते.