व्याघ्रगडावर वाघ परततो तेव्हा...

खास प्रतिनिधी

मिठबाव (ता. देवगड) : गजबादेवीचे दर्शन, समुद्रस्नान आणि परतताना विजयदुर्ग, हा मिठबावला येणाऱ्या मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांचा ठरलेला बेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात देवगड तालुक्यातील विजयदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग हे दोन्ही आहेत. साहजिकच गडकोट पाहण्याचा उत्साह वाढला आहे. हा उत्साह जलदुर्गांवर थांबणारा नाही. घाटमाथ्यावरील ज्या किल्ल्यांकडे तो वळेल, त्यांपैकी काही आज व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात आहेत. तेथील प्रश्न मात्र सर्वस्वी वेगळा आहे.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये अस्तित्वात आला. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून झालेल्या या प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर असून ते सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरले आहे. वासोटा, जंगली जयगड, भैरवगड, प्रचितगड हे किल्ले याच रानात उभे आहेत. त्यांपैकी वासोट्याचे दुसरे नाव व्याघ्रगड. गंमत अशी, की गडाच्या नावात वाघ राहिला आणि प्रत्यक्ष रानात मात्र प्रकल्प जाहीर झाल्यावरही अनेक वर्षे तो अभावानेच दिसला.

हे चित्र आता पालटते आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत नर वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. पुढे ताडोबा आणि पेंच येथून आठ वाघ सह्याद्रीत आणण्यास केंद्राने मंजुरी दिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची पहिली वाघीण चांदोलीत दाखल झाली. चांदोली प्रकल्पाच्या दक्षिण टोकाला, तर वासोटा उत्तरेकडे. परंतु वाघाला हद्दीचे नकाशे ठाऊक नसतात. मादीच्या आगमनाने येथे वाघांचा वंश वाढावा, हाच तर या खटाटोपाचा हेतू आहे. तो सफल झाला, तर वासोट्याच्या पायवाटेवर वाघाचे ठसे उमटणे ही केवळ काळाची बाब ठरेल.

वासोट्याची ओढ समजण्याजोगी आहे. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडायचा, मेट इंदवलीच्या ओसाड गावठाणापाशी उतरायचे आणि घनदाट झाडीतून गड चढायचा. माथ्यावर मारुती व महादेवाची मंदिरे, पाण्याची टाकी, वाड्याचे चौथरे आणि समोर छाती दडपविणारा बाबूकडा. पेशवाईच्या उत्तरार्धात ताई तेलिणीने बापू गोखल्यांच्या फौजेला येथेच महिनोन्‌महिने झुंजविले. दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या राजघराण्यातील मंडळींना याच गडावर ठेवले होते. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावरील इमारती उद्ध्वस्त केल्या. आज दिसतात ते त्याचे अवशेष.

आजवर जंगलाचे नियम पाळणे हा पर्यटकाच्या शिस्तीचा भाग होता, यापुढे तो जिवाचा प्रश्न होऊ शकतो. त्याचे प्रत्यंतर राजस्थानात आले आहे. रणथंभोरचा किल्ला व्याघ्र प्रकल्पातच आहे आणि तेथील त्रिनेत्र गणेशाच्या दर्शनाला भाविकांची रीघ लागते. एप्रिल २०२५ मध्ये दर्शनाहून परतणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला वाघिणीने उचलले. पुढच्या दोन महिन्यांत एक वनाधिकारी आणि किल्ल्यातील जैन मंदिराचा रखवालदार असे आणखी दोघे बळी पडले. वासोट्याशेजारच्या नागेश्वराच्या गुहेतही महाशिवरात्रीला कोकणातून, चोरवण्याच्या बाजूने, भाविक चढून येतात. शृंगारपुराहून प्रचितगडाकडे जाणारी वाटही कोकणातलीच. बामणोलीच्या परवाना खिडकीवर सारी भिस्त ठेवणे म्हणूनच पुरेसे नाही.

मग किल्ले बंद करावेत काय? तसे करणे सोपे आहे, शहाणपणाचे नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबविले होते. नंतर मार्गदर्शक तत्त्वे आली आणि मर्यादित पर्यटनाला वाव मिळाला. तोच धागा येथे धरता येईल. दररोजची संख्या आधीच ठरवावी, वाटाड्याशिवाय गटाला सोडू नये, दुपार कलण्यापूर्वी गड उतरलाच पाहिजे असा दंडक असावा, यात्रेच्या दिवसांसाठी कोकणच्या बाजूलाही वनरक्षक असावेत. वाटाडे म्हणून पहिला हक्क मिळावा तो धरण व अभयारण्यापायी घरदार सोडावे लागलेल्यांना. त्या रानाची खडान्‌खडा माहिती त्यांच्याइतकी कोणाला असणार? अवशेषांची डागडुजी कोणी व कशी करायची, हेही वन आणि पुरातत्त्व या दोन्ही खात्यांनी एकत्र बसून ठरविले पाहिजे. अन्यथा वाघ वाचेल आणि गड ढासळेल.

सिंधुदुर्गासाठी हा विषय दूरचा नाही. सह्याद्रीतला वाघ राधानगरी, तिलारीमार्गे गोवा व कर्नाटकातील जंगलांशी जोडलेला आहे. याच दुव्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील २५ गावांना संवेदनशील क्षेत्राचे संरक्षण देण्याचे आदेश दिले. हा पट्टा तुटला, तर वाहनातून आणलेले वाघ एका बेटावर अडकल्यासारखे होतील. किल्ला पाहून आलेला पाहुणा ‘वाघ दिसला नाही’ म्हणून हळहळतो. त्या वाटेवर वाघ न दिसता तो रानात सुखरूप असणे, हेच या प्रकल्पाचे खरे यश मानावे लागेल.