सातबाऱ्यावर न दिसणारी सही

मनमाडच्या शिवारातल्या जुन्या शेतकरी घराचा इतिहास सहसा कुणी लिहून ठेवत नाही. तो तलाठ्याच्या दप्तरात असतो. सातवर मालक, बारावर पीक आणि मालकी कशी बदलली ते फेरफारात. बाराचा रकाना मागे मागे चाळत जा. आधी मका-कांदा दिसतो, मग हळूहळू उरतात बाजरी, मठ, हुलगा. पर्जन्यछायेतल्या मुरमाड रानाला तेवढेच झेपायचे.

हा बदल रानात कमी आणि रानाबाहेर जास्त घडला. मुंबईहून भुसावळकडे रूळ गेले, 1878 मध्ये दौंडचा फाटा जोडला गेला, पुढे निजामाच्या मुलखाची गाडी आली आणि मनमाड जंक्शन झाले. घरातला एक भाऊ रेल्वेत लागला की त्याच्या पगारातून विहीर खणली जाई. विहिरीवर इंजिन बसले, तसा कांदा आला. बाजरी घरच्या कणगीत जायची; कांदा चाळीत जातो आणि भावाची वाट पाहत तिथेच वजनाने घटतो. 1972 च्या दुष्काळाने त्याच विहिरी कोरड्या करून दाखवल्या. पुढे पानेवाडीला इंधनाचे डेपो उभे राहिले, टँकरची रांग लागली आणि रस्त्याकडेच्या वावराचा भाव पिकावरून नव्हे, फुटावरून ठरू लागला.

आजवरचे बहुतेक बदल परत फिरवता येत होते. कांदा परवडला नाही तर पुढच्या मृगात बाजरी पेरता येई. बिगरशेती झालेल्या, प्लॉट पडलेल्या रानात ती सोय नाही. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने 309 किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. रूळ यायचे ठरले की भूसंपादन येते, आणि त्याच्या पुढे-मागे दलाल येतात.

अशा वेळी निर्णय कोण घेतो? सातवर नाव असलेला पुरुष. निंदणी, कांदालागवड, काढणी जिच्या हातून झाली, तिचे नाव त्या कागदावर क्वचितच असते. इथून जवळच चांदवडला 1986 मध्ये शेतकरी संघटनेच्या अधिवेशनात लाखो बायका जमल्या होत्या. 1994 मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला. तरीही बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात ते हक्कसोडपत्रावर सही घ्यायला.

रूळ कुठून जावेत हे घराच्या हातात नाही. उरलेल्या वावराचे काय करायचे, ते मात्र आहे. तो व्यवहार ठरवण्याआधी बहिणींना घरी बोलवा. सहीसाठी नव्हे, विचारायला.