पदे कापण्याआधी



‘संगीत मानापमान’ पडद्यावर आणताना नाट्यपदे वगळायला हवी होती, ती कथा अडवतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मुळीच पटले नाही. खाडिलकरांचे हे नाटक १९११चे, पदांना चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ८ जुलै १९२१च्या ‘संयुक्त मानापमान’ या प्रयोगात बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर पाहायला मुंबईत गर्दी लोटली, ती गाण्यासाठीच. तिथे कथा थांबल्याचे कोणाला खटकले असेल, असे वाटत नाही.

अडचण खरी आहे ती लांबीची. रंगमंचावर वन्समोअर मिळाला की पद फुलते. पडद्याला समोरचा श्रोता दिसत नाही. म्हणून सुबोध भावे यांनी २०२५च्या चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांचे संगीत घेतले, याला माझी हरकत नाही. पण गरीब म्हणून धैर्यधराला झिडकारणारी भामिनी पुढे वनमाला या नावाने वेश पालटून त्याच्यात गुंतते. हा बदल संवादांपेक्षा पदांत जास्त घडतो. पद आखडते घ्या, चाल बदला. मात्र ते काढलेत तर तिचे मन कशातून कळणार? नाटकातल्या लक्ष्मीधर या पात्राच्या फजितीवर हशा मिळेल, एवढेच.

— एक नाट्यरसिक, कसबा पेठ, पुणे