दिवाळी पहाट आणि पेंगणारी मुले

दिवाळी पहाटेचे गाणे आता महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत चांगलेच रुळले आहे. अभ्यंगस्नान आटोपून, नवे कपडे लेऊन कुटुंबेच्या कुटुंबे नाट्यगृहात वा उद्यानात जमतात. भैरव, तोडी, नाट्यपदे, अभंग. दृश्य मोठे प्रसन्न असते. मात्र आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या सात वर्षांच्या मुलाकडे पाहिले की प्रश्न पडतो, या कार्यक्रमात त्याच्यासाठी नेमके काय आहे?

अमेरिकेतही नाताळच्या सुमारास सणाचे वाद्यवृंद रंगतात. 'बॉस्टन पॉप्स' या वाद्यवृंदाने १९७३पासून डिसेंबरातील अशा कार्यक्रमांची परंपराच निर्माण केली. (आपल्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की सिनेगीते आठवतात, येथे अभिप्रेत आहे तो व्हायोलिनपासून नगाऱ्यापर्यंतचा मोठा वाद्यमेळ.) लेरॉय अँडरसन यांची 'स्ले राइड' ही रचना याच वाद्यवृंदाने १९४८ साली प्रथम सादर केली. बर्फावरून धावणाऱ्या घोडागाडीचे ते चित्र आहे. घुंगरांचा नाद, लाकडी ठोकळ्यांवर वाजणाऱ्या टापा, चाबकाचा कडकडाट आणि शेवटी चक्क ट्रम्पेटमधून उमटणारे घोड्याचे खिंकाळणे! ते एकदा ऐकलेले मूल ट्रम्पेट विसरेल काय? तेथील गावोगावच्या कलाकेंद्रांतूनही तासाभराचे कौटुंबिक कार्यक्रम होतात. श्रोत्यांना सोबत गायला लावतात. कित्येक ठिकाणी मुलांना वाद्ये हाताळू देतात. तेथे मूल कुणाच्या बोटाला धरून आलेले लटांबर नसते. कार्यक्रमाची आखणीच त्याच्यासाठी असते आणि वडीलधारे त्याच्यासोबत ऐकतात.

मुलांसाठी म्हणजे पातळ केलेले, असा आक्षेप आपली जाणकार मंडळी घेतील. तो खरा नाही. लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी १९५८ ते १९७२ या काळात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह मुलांसाठी ५३ कार्यक्रम केले. ते दूरचित्रवाणीवरूनही दाखवले गेले. त्यांत स्वरांतरे, सोनाटाची बांधणी असे जड विषय त्यांनी टाळले नाहीत. समजावून सांगितले, वाजवून दाखवले.

आपल्याकडे असे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. किरण सेठ यांनी १९७७ साली सुरू केलेल्या 'स्पिक मॅके'ने थोर कलावंतांना शाळा-महाविद्यालयांत नेले. पण ते विद्यार्थ्यांपुरते. आई, बाबा, आजी आणि नातू एका रांगेत बसून ऐकतील, असा प्रसंग आपल्याकडे दिवाळी पहाटेइतका दुसरा क्वचितच असेल. नेमका तोच आपण पन्नाशीपुढच्यांच्या स्मरणरंजनाला वाहून टाकला आहे. आज पेंगणारे मूल वीस वर्षांनी तिकीट काढून गाण्याला का यावे? आणि ते आले नाही, तर आज रियाज करणारा तरुण तबलजी कुणापुढे वाजवणार?

फार काही करावे लागत नाही. तीन तासांतला पहिला पाऊण तास मुलांना द्यावा. तानपुरा जुळताना दाखवावा, डग्गा आणि तबला वेगवेगळे वाजवून दाखवावेत, एखादा सोपा अभंग सभागृहाकडून म्हणवून घ्यावा. निवेदकाने कवितांच्या ओळी थोड्या कमी ऐकवल्या तरी चालेल! आणि मुलांना रंगमंच दिसेल अशा जागी बसवावे. पहिल्या दोन रांगा बहुधा प्रायोजकांच्या पाहुण्यांसाठी राखलेल्या असतात आणि त्यांतील निम्म्या खुर्च्या पहाटे रिकाम्याच राहतात. पुढील दिवाळीच्या तयारीच्या बैठकीत पासांचा विषय निघेलच. त्या वेळी या दोन रांगांचाही काढावा.