रंग सांगू, पण सगळ्यात शेवटी

"मॅडम, रंग कोणता आवडेल?" शोरूममधल्या मुलाने मला विचारलेला हा एकमेव प्रश्न. मायलेज, इंजिन, कर्ज हे सगळं तो आमच्या ह्यांच्याशी बोलत होता. खरं सांगू का, ह्यांनाही गाडीतलं माझ्याइतकंच कळतं, म्हणजे काहीच नाही! पण मान अशी डोलावत होते, जणू अर्धं आयुष्य गॅरेजमध्येच काढलंय.

मैत्रिणींनो, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. लहान पेट्रोल गाडीवर आधी सेस धरून २९ टक्के कर होता, तो १८ टक्क्यांवर आला. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीपर्यंत. झालं! आमच्या बचत गटात ज्वारीच्या भावाऐवजी गाड्यांच्या गप्पा सुरू झाल्या. "स्वस्त झालीय, घेऊन टाकू या," असं घराघरात ऐकू येऊ लागलं.

पण स्वस्त म्हणजे नेमकी किती? मी वही काढली. करासह सहा लाखांना मिळणारी गाडी या कपातीमुळे साधारण ५१ हजारांनी उतरते. आता कर्जाकडे बघा. पाच लाखांचं कर्ज, व्याज ९ टक्के धरू. पाच वर्षांत फेडलं तर हप्ता सुमारे १०,४०० रुपये. सात वर्षं घेतली तर तोच हप्ता ८,०५० च्या आसपास येतो. शोरूमवाला हा छोटा हप्ताच आपल्यापुढे ठेवतो. पण सात वर्षांत व्याजापोटी जवळजवळ ५३ हजार रुपये जास्त जातात. म्हणजे सरकारने जे सोडलं, ते आपणच नेऊन बँकेच्या ओटीत घातलं! भिशी चालवणाऱ्या बाईला हा हिशेब कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

दुसरी गोष्ट जिवाची. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच खपाऊ गाड्या आपटून पाहिल्या, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. पुढे लोक विचारू लागले, कंपन्याही सुधारल्या. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. तिच्यात मोठ्यांसाठी वेगळे तारे आणि मुलांसाठी वेगळे तारे असतात. सरकारने ती ऐच्छिक ठेवली, सक्तीची केली नाही, हे मला पटलेलं नाही. तेव्हा विचारणं आपल्याच हातात. सनरूफ आहे का, याआधी विचारा, "तारे किती? मुलांचे किती?"

आणि मागच्या सीटवर कोण बसतं? आपण, सासूबाई आणि मुलं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती, पण मागे बसलेल्या मिस्त्रींनी पट्टा लावलेला नव्हता. मागच्यांनीही पट्टा लावावा असा कायदा आहे, पण आपल्याकडे तो बहुतेक वेळा सीटखालीच दडपलेला असतो. तो नीट निघतो का, हे शोरूममध्येच बघून घ्या.

बाकीचं आपल्याला येतंच की! साडी घेताना पदर उलगडून बघतो, तशी गाडीही बघायची. मी सासूबाईंना सोबत नेलं. त्यांचे गुडघे दुखतात. एका गाडीत त्यांना बसताना वाकावं लागलं आणि उतरताना हात धरावा लागला. ती तिथेच बाद! सीएनजी परवडतो खरा, पण टाकी डिकीतली जागा खाते, शिवाय पंप गावात आहे की तीस किलोमीटरवर, हेही बघावं लागतं. सर्व्हिसिंग कुठे होईल? शेताकडच्या रस्त्यावर गाडी खाली घासेल का? विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचा भावही विचारावा.

पुढच्या वेळी शोरूममध्ये गेलो तेव्हा वही माझ्या हातात होती. एकेक प्रश्न विचारला, तसा तो मुलगा हळूहळू माझ्याकडे वळून बोलू लागला. ह्यांनीही मान डोलावणं थांबवलं आणि म्हणाले, "हे मलाही विचारायचं होतं, पण कसं विचारू असं वाटत होतं." बघा, न कळण्याची लाज पुरुषांना आपल्याहून जास्त असते!

आम्ही वरचं मॉडेल सोडलं, कर्ज पाच वर्षांचंच घेतलं. आणि हो, रंगही मीच सांगितला. पण सगळ्यात शेवटी.