गारवा कुणाच्या जिवावर?

महावीर जयंतीला बेळगावातल्या एका सभागृहात अहिंसेवरचं व्याख्यान ऐकलं. आत एसी असा, की आम्ही बायकांनी पदर लपेटून घेतले. बाहेर आले तर बोळात फुलवाली बसलेली, आणि एसीची झळ थेट तिच्या तोंडावर.

बायांनो, एसी थंडी तयार करत नाही. उष्णता नाहीशी होत नसते, ती फक्त जागा बदलते. दीड टनाचा एसी खोलीतली सुमारे ५ किलोवॉट उष्णता उपसतो, त्यासाठी दीड किलोवॉट वीज खातो आणि दोन्ही मिळून साडेसहा किलोवॉट बाहेर ओकतो. ती वीज कोळशाची असेल, तर कोळशातल्या उष्णतेच्या तीन वाट्यांपैकी जेमतेम एकाची वीज होते. बाकीची वाया. वर धुरातला कार्बन डायऑक्साइड पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, तो वेगळाच.

आपण पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो. मग ही हिंसा कुठल्या फडक्यातून गाळायची? घरात आजारी, म्हातारं माणूस असेल तर एसी जरूर लावा, माझी ना नाही. पण खिडक्या लावून पदर लपेटायचा, हा निव्वळ अनर्थदंड! पुढच्या वर्षी व्याख्यान सकाळी सातला ठेवा, खिडक्या उघडून. फुलवालीलाही ऐकू येईल.